कोण पडलं?

"सोडलं असतं तर जगली असती की ओ." अक्का गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, भेटायला आलेल्या एका लांबच्या चुलतीनं चहाचा कप बशीत टेकवता टेकवता हे वाक्य टाकलं आणि भोवतीच्या सगळ्या माना एकदम हलल्या. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसले होते, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, उजवं मनगट सुजलेलं. तिच्या हातातला कप घेऊन भिंतीवर फोडावा असं मला वाटलं. फोडला नाही, कारण कप अक्काचा होता. पुढच्या दिवसांत हेच वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं, की ते कधी येणार हे मला आधीच कळायला लागलं. चेहरा पाडायचा, फोटोकडं बघायचं, एक उसासा टाकायचा, आणि मग... सोडायचं होतं तिनं. पहिल्यापासून हट्टी. आता महिना उलटून गेलाय, पावणेरावळे आपापल्या गावी गेलेत, आणि मला त्या सगळ्यांना उत्तर द्यायचं आहे. तोंडावर दिलं असतं तर मारामारी झाली असती. म्हणून लिहितेय.

झालं ते असं. सोमवार होता. सोमवारी अक्काची खानावळ बंद असते, म्हणून ती दुपारी माझ्या दुकानात येऊन बसली आणि उन्हं उतरल्यावर आम्ही दोघी बहिणी चालत तिच्या घराकडं निघालो. पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळून धरायची मला सवय आहे. म्हशींच्या घरात वाढलेल्या पोरीला पहिली शिकवण मिळते ती हीच, की जनावराचं दावं हाताला कधी गुंडाळायचं नाही. पण दाव्याची शिकवण पर्सला लावावी एवढी अक्कल मला सुचली नाही. मागून मोटरसायकल आली. मागं बसलेल्या पोराचा हात पर्सवर पडला, पट्टा मनगटात करकचला आणि मी गुडघ्यांवर आपटून डांबरावरून ओढली जायला लागले. "शैले, सोड!" अक्का ओरडली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर माझी मूठ उघडली नसती. तिनं सांगितलं आणि उघडली, मनगट फिरलं, पट्टा सुटला. मी तोंडावर पडले. त्यानंतर ती "आलो!" असं ओरडली. पोलिसांनी तिथल्या पानपट्टीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला असलं काही ऐकलं नाही. मी ऐकलं. पडल्या पडल्या मला तिचे अनवाणी पाय दिसले. पन्नाशी ओलांडलेली एवढी वजनदार बाई, चपला टाकून पळत होती. तिनं त्या पोराची कॉलर मागून धरली. पुढच्यानं गाडी पिळली. रस्ताभर माणसं ओरडत होती, "बाई, सोडा! अहो, सोडा की!" तिनं सोडली नाही. मधल्या सिमेंटच्या दुभाजकाला गाडी धडकेपर्यंत सोडली नाही. तो पोरगा पडला, गाडी चालवणारा पडला आणि अक्काचं डोकं दुभाजकाच्या कोपऱ्यावर आदळलं. पर्समध्ये माझा रिकामा डबा, छत्री आणि जवळचं बघायचा चष्मा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मधल्या वेळात तिनं डोळे उघडलेच नाहीत.

अक्काचं कागदोपत्री नाव इंदुमती. शाहूपुरीतल्या मागच्या गल्लीत तिची आणि दाजींची मटणाची खानावळ. दाजी, म्हणजे तिचा नवरा, गल्ल्यावर बसायचे आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचे, स्वयंपाकघर अक्काचं. मटण ती स्वतः तोडायची. चिंचेच्या ओंडक्यावर तिचा सत्तूर असा पडायचा, की बाहेर जेवणाऱ्याचा घास क्षणभर तोंडाशी थांबायचा. रश्शाला नावं ठेवणाऱ्या एका पैलवानाचं भरलेलं ताट उचलून तिनं त्याच्या मांडीवर ठेवलं होतं आणि "जा, घरात बसून जेव" म्हणून सांगितलं होतं. तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला, हे विशेष. तिच्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोट नव्हतं. त्या बोटाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. राधानगरीच्या अलीकडं आमचं गाव, घरात म्हशी, त्यातली मोरी सगळ्यांत दांडगी. अक्का लहान असताना एकदा मोरी बुजून पळाली, अक्कानं दावं हाताला गुंडाळलं होतं, मोरीनं तिला काट्याकुट्यातून फरफटत नेलं, सगळा गाव "सोड, सोड" म्हणून ओरडत होता आणि हिनं सोडलं नाही. बोट गेलं. हिला हट्टी ठरवायला आमच्या नातेवाइकांना एवढा पुरावा पुरला. पुढं आयुष्यभर ती कुठल्याही गोष्टीवर अडून बसली, की कुणीतरी त्या हाताकडं बघून हसायचं. मीही हसायचे.

अशी बाई लढाऊ विमानात कशी जाऊन बसली, तर त्याला दाजींची हौस कारणीभूत. गल्लीच्या टोकाचं नेट कॅफे बंद पडलं तेव्हा बिलं करायला म्हणून दाजींनी तिथला एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला. त्यावर बिल त्यांनी आजतागायत केलेलं नाही. स्वयंपाकघराच्या वर लाकडी माळा आहे, शिडीनं चढायचं, तिथं तो ठेवला. माझं डीटीपीचं दुकान, लग्नपत्रिका आणि श्रद्धांजलीचे फलक जुळवायचं. त्यामुळं घरात कुठलंही यंत्र आलं की बोलावणं मला. सोबतच्या खोक्यात एक जॉयस्टिक निघाली आणि आत एक खेळ निघाला. जुन्या महायुद्धातली, नाकावर पंखा असलेली विमानं, आणि त्यांची आकाशातली झुंज. मी चालवून बघत होते, तेवढ्यात गोळ्यांचा आवाज ऐकून शिडीच्या तोंडातून अक्काचं डोकं वर आलं. "काय चाललंय?" मी सांगितलं, विमानांची मारामारी. ती उरलेल्या पायऱ्या चढली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "सरक."

पहिल्याच दिवशी तिनं तीन विमानं पाडली, त्यातली दोन आपल्याच बाजूची होती. तिला फरक पडला नाही. मी तिला विचारलं होतं, दिवसभर कापाकापी करून तुझं मन भरत नाही का? त्यावर तिचं उत्तर मला अजून आठवतं. "बोकड काय करतंय गं? उभं ऱ्हातंय. ह्यो पळतोय, वळतोय, उलटा मारतोय. ह्येला म्हंत्यात मारामारी." आपल्या विमानाचं नाव तिनं मोरी ठेवलं. ज्या म्हशीनं बोट खाल्लं तिचंच नाव! मी म्हटलं, तुला दुसरं काही सुचलं नाही का? ती म्हणाली, "तिच्याएवढं जोरात दुसरं काय पळतंय?" जॉयस्टिकवरचा गोळ्या झाडायचा घोडा अंगठ्याशेजारच्या बोटासाठी केलेला असतो. ते बोटच नाही, म्हणून तिनं मधल्या बोटाला घोडा सापडावा अशी दांडीला चिकटपट्टी गुंडाळून घेतली होती. दुपारची जेवणं आटोपली, ओटा धुतला, की ती माळ्यावर. तोच खेळ मी माझ्या मशीनवरही टाकून घेतला होता, मी माझ्या दुकानात शटर अर्धं ओढून त्यावर. मध्ये फोन चालू. आणि खाली दाजी तांदूळ निवडत बसलेले. विमान जमिनीवर आदळलं की माळ्यावरून मोठा धडाका यायचा आणि दाजी मान वर न करता विचारायचे, "कोण पडलं?" दुसरा पडला असेल तर अक्का ओरडायची, "त्यो!" आणि स्वतः पडली असेल तर ओरडायची, "मोरी!" मला फोनवर हे सगळं ऐकू यायचं. नवराबायकोचा एवढा नेमका संवाद मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकलेला नाही.

त्या खेळात एक सोय असते. विमानाचं नाक तुम्ही फार जोरात वर ओढलं, तर पंखांवरून जाणारा वारा सुटतो आणि विमान तरंगायचं थांबून दगडासारखं खाली येतं. याला स्टॉल म्हणतात. इंजिन चालूच असतं, बरं का. बंद पडतो तो पंख. पण नवशिक्याला खेळ आपणहून सांभाळून घेतो. तुम्ही दांडी छातीशी ओढून धरा, तो नाक ठरावीक हद्दीपलीकडं वर जाऊच देत नाही. त्या मदतीवर आम्ही दोघी कितीतरी महिने वाघिणी होतो. मग आम्हाला इंटरनेटवरच्या एका मैदानाचा पत्ता लागला. तिथं देशोदेशीची खरी माणसं एकमेकांशी लढतात आणि तिथं ही मदत बंद असते. अक्कानं शत्रूच्या मागं पहिलं वळण घेतलं, सवयीनं दांडी ओढली, मोरी थरथरली, एक पंख पडला आणि आभाळ, जमीन, आभाळ, जमीन असं भिरभिरत ती शेतात घुसली. "कोण पडलं?" खालून आवाज. अक्काला काही कळलंच नव्हतं. "गोळी बी लागली न्हाय की मला," ती म्हणाली. मी फोनवरून समजावलं, स्टॉल झाला. ते दाजींनी ऐकलं आणि विचारलं, "स्टॉल म्हंजे? वडापावचा?" अक्कानं पहिल्यांदा दाजींना शिव्या घातल्या, मग मला, मग विमान बनवणाऱ्याच्या खानदानाला.

त्यानंतरचे दिवस मी फोनच्या या टोकाला बसून ऐकले. आदळआपट, शिव्या, भांडी. हरली की ती माळ्यावरून हाताला येईल ते खाली फेकायची. दाजींनी शिडीखाली गोधडी अंथरून ठेवली होती. मी तिला म्हणायचे, अक्का, आपण त्या मैदानावर नको जाऊ, घरच्या घरी मदत चालू ठेवून खेळू, काय बिघडतंय? एकदा हे मी तिच्या समोर बसून म्हणाले, तर पाठीत असा धपाटा बसला की माझा श्वास अडकला. "मग त्यो खेळणार. मी न्हाय," ती म्हणाली. त्यो म्हणजे कॉम्प्युटर. स्टॉल हा शब्द मात्र तिनं कधी तोंडात घेतला नाही. विमान पडायला लागलं की ती म्हणायची, "म्हस बसली." म्हशीवाल्या घरात हा शब्द सगळ्यांना कळतो. चालता चालता भर रस्त्यात म्हैस बसते, आणि एकदा बसली की दावं ओढून ती उठत नाही. उलट तुम्ही ओढाल तेवढी ती मान ताठ करते. दावं ढिलं सोडावं लागतं. मग तिची ती उठते. विमानाचंही नेमकं तसंच आहे. पडायला लागलं की दांडी सोडायची, नाक खाली जाऊ द्यायचं, पंखांनी पुन्हा वारा धरला की मग हळूच उचलायचं. हे अक्काला पाठ होतं. तोंडानं ती "सोड, सोड, सोड" म्हणत असायची आणि हात दांडी आवळत असायचा. जमीन अंगावर येताना दिसतेय आणि दांडी सोडायची, हे सांगायला सोपं. तीन बोटं आणि अंगठा, त्यांच्यात कुऱ्हाडीची ताकद. एकदा तर जॉयस्टिकच तिनं मुळापासून उपटली, ती दाजींनी स्क्रू मारून पुन्हा बसवली.

शेवटी तिनं आपलाच उपाय काढला. खानावळीत अंड्यांचा ट्रे कायम असतो. तळहात आणि दांडी यांच्या मध्ये तिनं एक कच्चं अंडं धरलं आणि उडायला लागली. आवळलं की फुटणार. फुटायचीही. बलक मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून मांडीवर, चाव्यांच्या फटीत, जॉयस्टिकच्या बुडात. दाजी खालून फक्त वास घेऊन विचारायचे, "किती?" आणि मग डोक्याला हात लावायचे. तिला हळूहळू एक गोष्ट कळली, जी मदत चालू असताना कळूच शकली नसती. विमान पडायच्या आधी थरथरतं, त्याचा बारीक खडखड आवाज येतो. "माशी बसली की म्हशीचं कातडं कसं थरारतंय, तसं," ती मला म्हणाली. "थरारलं की सोडायचं. बसल्यावर न्हवं." एका दुपारी वीज नव्हती म्हणून माझं दुकान बंद होतं, तिच्याकडं इन्व्हर्टर, म्हणून मी माळ्यावरच तिच्या शेजारी बसले होते. मागं एकजण लागला होता, गोळ्या पंखातून आरपार जात होत्या, अक्कानं जिवाच्या आकांतानं वळण घेतलं आणि मोरी बसलीच. आभाळ फिरलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पहिल्यांदा मला दिसला तो तिचा हात. सताड उघडा, चारही बोटं ताणलेली, दांडीपासून दूर, हवेत. अंडं तिच्या मांडीवर पडलं होतं, अख्खं. पडद्यावर विमान नाक खाली घालून पडत होतं, पण भिरभिरायचं थांबलं होतं. वाऱ्याचा आवाज वाढत गेला... आणि तिनं दोन बोटांनी दांडी अशी उचलली, जशी ती निखाऱ्यावरची भाकरी उचलते. खालची झाडं विमानाच्या पोटाला लागून मागं गेली. अक्का म्हणाली, "उठली." ते अंडं तिनं कुणाला खाऊ दिलं नाही. डब्यांच्या मागं जपून ठेवलं होतं, वास सुटल्यावर दाजींनी टाकलं.

त्यानंतर त्या मैदानावर मोरी नाव दिसलं की माणसं बाजूनं जायची. मी सांगतेय यात काही फुगवून नाही. एकटी असली तर ती कुणाच्या हाताला लागत नसे, जमणार नाही असं दिसलं की सरळ सोडून द्यायची, निघून यायची, आणि फोनवर मला म्हणायची, "जाऊ दे त्येला, उद्या बघू." हट्टी म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला पाहिजे होतं. तिचं डोकं फिरायचं ते एकाच गोष्टीनं. मी कच्ची खेळाडू, माझ्या मागं कुणी ना कुणी लागलेलंच असायचं. मी फोनवर म्हणायचे, "अक्का, मागं हाय." लगेच तिकडून यायचं, "आलो!" आणि मग ती कुठं असेल तिथून विमान उलटं टाकून यायची. तिनं मला सोडवलं की मी म्हणायचे, झालं, आता ये परत. ती यायची नाही. माझ्या मागं लागलेल्याचा ती पाठलाग करायची, तो खाली गेला की खाली, तो झाडांत शिरला की झाडांत, विमान थरथरतंय, खडखडतंय, आणि हिचा हात काही सुटत नाही. शेवटी दोन धडाके एकापाठोपाठ. खालून दाजी, "कोण पडलं?" आणि अक्का अशा खुशीत ओरडायची, जशी लॉटरी लागलीय, "दोघं बी!" मला याचा भयंकर राग यायचा. मी म्हटलं, एवढं शिकलीस, अंड्यांचा चुराडा केलास, आणि मग अशी का मरतेस? ती म्हणाली, "माझ्या मागं आला असता तर सोडला असता की. तुझ्या मागं आलावता त्यो." मी म्हटलं, मी सुटले होते ना? तोवर ती पुढच्या डावाला उडालीही होती.

अक्का गेल्यावर काही दिवसांनी पोलिसांनी मला त्या दोघांना ओळखायला बोलावलं. मागं बसलेल्याचा पाय मोडलेला होता, प्लास्टर होतं. वयानं अगदी कोवळा. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला काही वाटलं नाही, ना दया ना काही. खरं सांगायचं तर त्याचा दुसरा पायही मोडावा एवढंच वाटलं. मग त्यानं मान वळवली. कानाच्या खाली, मानेवर तीन ओरखडे होते, खोल, खपली धरलेले, आणि त्यांच्या वर एका बोटाची जागा मोकळी. मी हवालदारीण बाईंना म्हटलं, हाच. चेहरा बघून नव्हे. त्या बाईंनी मला विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीची सही आहे ती."

बाराव्याला आबा आले. आमचे वडील. गावीच असतात, ऐंशीच्या पुढचं वय, कान पार गेलेत. पोरीला अग्नी द्यायला त्यांना वेळेवर पोचता आलं नव्हतं, त्यामुळं आल्यापासून ते कुणाशी बोललेच नव्हते, काठी दोन्ही हातांत धरून भिंतीला बसले होते. तीच चुलती त्यांच्याजवळ सरकली आणि त्यांच्या कानात ओरडली, "लहानपणापास्नंच हट्टी ओ पोरगी! म्हशीचं दावं बी सोडलं न्हवतं न्हवं तिनं!" आबांनी तिच्याकडं बघितलं. मग काठी उचलली आणि तिचं टोक माझ्याकडं केलं. "कसं सोडंल?" ते म्हणाले. "म्हशीवर ही बसलीवती."

मी उठून त्यांच्या पुढ्यात गेले, गुडघे अजून वाकत नव्हते, तशीच बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, काय म्हणालात? आबांनी मग सांगितलं. मी त्या वेळी जेमतेम चार वर्षांची. ओढ्यावरून येताना मला म्हशीवर बसायचं होतं म्हणून मी रडून गोंधळ घातला, म्हणून अक्कानं मला मोरीच्या पाठीवर बसवलं. एसटीनं हॉर्न दिला. मोरी बुजली आणि उतारानं पाटाकडं सुटली. पाट भरून वाहत होता. "दावं तिच्या हातातनं निसटाय लागलं. म्हणून तिनं गुंडाळलं," आबा म्हणाले. "येडी न्हवती ती. दावं गुंडाळायचं न्हाय हे तिला तुमच्याआधी म्हाईत हुतं." दावं बाभळीच्या बुंध्यात अडकलं, मध्ये अक्काचं बोट होतं, आणि मोरी थांबली. पाट तिथून हाताच्या अंतरावर. "तुला काय बी झालं न्हाय," आबा मला म्हणाले. "तू हसत हुतीस." मी विचारलं, मग मला कधी कुणी सांगितलं का नाही? त्यांनी काठी खाली ठेवली. "तिनंच सांगू दिलं न्हाय. म्हणाली, म्हशीला भ्याली तर धारा कोण काढंल?" चुलती उठून आत पाणी प्यायला गेली.

मला पहिल्यांदा राग आला तो अक्काचाच. अजून आहे. माझी मूठ उघडायला लावलीस, मी सुटले होते, रस्त्यावर पडले होते, जिवंत होते. काय होतं त्या कॉलरमध्ये? एक डबा आणि एक छत्री. थरारलं की सोडायचं, हे तू मला शिकवलंस. तूच मला "सोड" म्हणालीस आणि तू स्वतः... या पुढं मला लिहिता येत नाही. लोकांना मात्र मी एवढंच सांगते, की सोडणं तिला येत होतं. माझ्या ओळखीत तिच्याएवढं चांगलं ते कुणाला येत नव्हतं.

दाजींनी गेल्या आठवड्यात खानावळ पुन्हा उघडली. मटण आता ते स्वतः तोडतात. सत्तूर ओंडक्यावर नीट बसत नाही, एका जागी दोनदा पडतो. माळ्यावर ते चढलेले नाहीत. काल दुपारी जेवणं आटोपल्यावर मी चढले. खुर्चीवर तिची उशी. जॉयस्टिकवर तिची चिकटपट्टी, मळून काळी झालेली, आणि बुडाशी अजून अंड्याचा कुबट वास. कॉम्प्युटर चालू केला, खेळ उघडला. वरच्या कोपऱ्यात नाव, मोरी. मदत बंद. माझा हात त्या खुणेपाशी गेला होता... चालू केली नाही. उडाले. थोड्याच वेळात विमानाच्या मागचं दाखवणाऱ्या आरशात एक ठिपका दिसला, मोठा होत आला, गोळ्या सुरू झाल्या. आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अक्का, मागं हाय."

खाली सत्तूर थांबला.

कुणी "आलो" म्हणालं नाही. मी दांडी ओढली, जीव खाऊन ओढली. स्पीकरमध्ये खडखड सुरू झाली, विमान थरारलं, आणि म्हैस बसायच्या आत मी हात उघडला. मला माहीत नव्हतं मला ते येतं म्हणून. विमान पडलं, पडता पडता सावरलं, आणि तो जो माझ्या मागं होता तो वेगात माझ्यावरून पुढं निघून गेला. आता तो माझ्या समोर होता आणि मी सुटले होते. तिथून सरळ घरी येता आलं असतं. माझं बोट घोड्यावर बसेना, चिकटपट्टी आड येत होती. मी मधलं बोट लावलं. तो खाली गेला, मी खाली गेले. तो झाडांत शिरला. विमान खडखडत होतं, ओरडत होतं, आणि मी सोडलं नाही. दोन धडाके झाले, एकापाठोपाठ, माळ्याच्या फळ्या हादरल्या.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. मग शिडीच्या तोंडाशी दाजींनी घसा साफ केला. महिनाभर त्यांनी कुणाला काही विचारलेलं नव्हतं.

"कोण पडलं?"

"दोघं बी," मी वरून सांगितलं.